हा नांगर नव्हे

भालेडाँड्यावर त्या वर्षी नांगर धरणारा एकच माणूस उरला होता, रिखीराम लोहार, आणि त्याची वाट बघणारी घरं होती एकतीस. एके काळी या डोंगरावर अकरा बैलजोड्या होत्या. मग एकेका घरातला तरणा पुरुष विमानात बसला. कुणी दोह्याला गेला, कुणी दुबईला, कुणी मलेशियाला. रुमणं धरणारे हातच नाहीत तर बैल काय पूजेला ठेवायचे? तेही एकेक करून डोंगर उतरले, उरली ती एकच जोडी.

इथला मका चैत्रातला. एखादी बरी सर येऊन जाते, जमिनीला वाफसा येतो आणि चार-पाच दिवसांत तो सरतोही. तेवढ्यात ज्याची नांगरट झाली त्याचा मका. बाकीच्यांनी आभाळाकडे बघत बसायचं. खिमकलाची पाळी एकोणिसावी होती.

ती सकाळीच रिखीरामच्या भट्टीपाशी जाऊन उभी राहिली. म्हातारा खांद्याला मोहरीचं तेल चोळत बसला होता.

"काका, उद्या?"

"उद्या गोमा काकीचं. परवा मास्तरणीचं. मग बलिराज काकांचं, ते तीन दिवस खातं."

"तोवर जमीन वाळून दगड होईल."

"दगड नांगरायला मला कुणी बोलावत नाही, बुहारी. तेवढीच सुटका."

गावातल्या सगळ्याच सुनांना तो बुहारी म्हणायचा, आणि सगळ्यांना असंच काहीतरी ऐकवायचा. त्याचं बोलणं कुणी मनावर घेत नसे. पण घरी परतताना खिमकलाचा जीव जळत होता. डोंगरउतारावर तिची अकरा खाचरं. गेल्या वर्षी त्यातली चारच नांगरून झाली, तीही उशिरा, आणि जो मका उगवला तो गारपिटीनं झोपवला. उरलेल्या सातांत कमरेएवढं रान माजलं होतं. ज्या शेतातल्या मक्यावर तिचा नवरा वाढला, त्या शेतासमोर बसून ती दुकानातून आणलेलं पिठाचं पोतं फोडत होती. टेकबहादुर दोह्याहून पैसे पाठवायचा, ती ते पैसे खालच्या बाजारात नेऊन द्यायची, आणि जीपमधून पीठ वर यायचं.

"पैसा येतोय ना वेळेवर?" सासू म्हणायची. "मग शेतीचं एवढं काय घेऊन बसलीस? साऱ्या गावाचं तेच चाललंय."

साऱ्या गावाचं तेच चाललं होतं, हे खरंच होतं.

शुक्रवारी टेकबहादुरचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता. खालच्या मैदानातल्या बुटवल शहरात प्लॉट बघितला होता. त्यानं स्वतः नाही, त्याच्याच गावच्या आणि छावणीतल्या यमलालच्या मेव्हण्यानं. सात जणांनी तिथे आधीच जागा घेतल्या होत्या. आता दोन लाख इसार द्यायचा, बाकीचे हप्त्यानं. पैसे त्यानं पाठवलेही होते.

"रविवारी जा आणि देऊन ये," तो म्हणाला. "आमाला पण सांग. म्हणावं, तुझ्या लेकाचं शहरात घर होणार."

आमानं ते ऐकलं आणि शेजारच्या चार घरांत सांगूनही आली.

रविवारी खिमकला पैसे पोलक्यात खोल खोचून जीपमध्ये बसली. मेव्हणा स्टँडवर घ्यायला आला होता. मोटरसायकलवरून तो तिला शहराबाहेर घेऊन गेला, मग त्याच्याही बाहेर. एका रेताड माळावर लाल चिंध्या बांधलेल्या चार खुंट्या होत्या आणि त्यातल्या एकीला शेळी बांधलेली होती.

"इथे गेट येईल," मेव्हणा हात पसरून म्हणाला. "इथे जिना."

"पाणी?"

"येईल ना."

"कधी?"

"वस्ती झाली की."

"आणि वस्ती कधी होईल?"

"पाणी आलं की," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून स्वतःच हसला.

माणूस वाईट नव्हता. खिमकलानं त्याला सांगितलं, मला दुपारपर्यंत वेळ द्या, नवऱ्याशी एकदा बोलते. त्यानं तिला स्टँडजवळ सोडलं.

तिथे अवजारांच्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत काहीतरी धडधडत होतं. सायकलसारखे दोन दांडे, मधे इंजिन, आणि खाली चाकांच्या जागी वाकड्या पात्यांचा झुबका. दुकानातला गडी दांडे धरून मागून चालत होता आणि रस्त्यासारखी टणक जमीन त्याच्या पुढ्यात फुटत होती. मागे राहत होती ती काळी, भुसभुशीत माती. तिचा वास खिमकलाच्या नाकात गेला आणि ती जागची हलेना. अर्धा तास झाला, तास झाला.

शेवटी दुकानाचे मालक, साहूजी, बाहेर आले. "दिदी, घ्यायचंय का? आमच्या दाइंना, तुमच्या यजमानांना, घेऊन या, नीट दाखवतो."

"ते दोह्याला आहेत."

"मग सासऱ्यांना आणा."

"ते देवाघरी आहेत."

"अरेरे. मग चालवणार कोण?"

याचा विचार खिमकलानं केलाच नव्हता. तरी तोंडून शब्द निघून गेला, "मी."

साहूजी हसले. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून हसणं आवरलं, आणि गड्याला हाक मारून म्हणाले, "दांडे दिदींच्या हातात दे."

पहिल्या हिसक्यालाच तिचे दात एकमेकांवर आपटले. दुसऱ्या फेरीला ती सरळ चालली. तिसऱ्या फेरीनंतर तिनं किंमत विचारली. पंच्याऐंशी हजार. ती बाजूला झाली आणि तिनं फोन लावला. तिकडे जेवणाची सुट्टी होती. मागे ताटांचा आणि माणसांचा गलबला ऐकू येत होता.

"दिलास इसार?" टेकबहादुरनं विचारलं.

"नाही."

"का? जागा बरी नाही?"

"जागा आहे. चार खुंट्या आहेत, एक शेळी आहे." तिनं श्वास घेतला. "अहो, एक विचारू? रागवायचं नाही. प्लॉट घेतला, तर आपण तिथे राहायला कधी जाणार?"

"मी परत आलो की."

"आणि घर बांधायचे पैसे?"

"त्यासाठी अजून एक खेप करावी लागेल. दोन धर."

"म्हणजे प्रकृतीचं लग्नाचं वय होईल तेव्हा."

त्यांची मुलगी नऊ वर्षांची होती, आणि त्यातली सहा वर्षं तो तिकडे होता. खिमकलानं मग एका दमात सगळं सांगितलं. यंत्र, पाती, माती, किंमत.

"पण चालवणार कोण?" तो म्हणाला.

"आज हे विचारणारे तुम्ही दुसरे. मी चालवणार. नाहीतर तुम्ही येताय का दोह्याहून नांगर धरायला?"

"आमा काय म्हणेल?"

"आमा म्हणायचं ते म्हणतीलच. प्लॉट घेतला तर तिथल्या उन्हाबद्दल म्हणतील."

तो हसला. बऱ्याच महिन्यांनी तिनं त्याचं असं हसू ऐकलं. मग त्याचा आवाज खाली आला, जणू शेजारच्यांनी ऐकू नये. "खिमा, इथे जेवायला बसलं की सगळे प्लॉटचंच बोलतात. मीही बोलतो. पण खरं सांगू? सहा वर्षांत मला एकदाही स्वप्नात प्लॉट दिसला नाही. ओढ्याकडची आपली खाचरं दिसतात. घे तू ते यंत्र. यमलालला काय सांगायचं ते मी बघतो."

"तुमच्या घामाचे पैसे आहेत. बुडाले तर?"

"माझ्या घामाचे आहेत म्हणूनच म्हणतो, घे."

फोन ठेवल्यावर खिमकला दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. दुसऱ्या कुणाचा नवरा असता तर म्हणाला असता, सांगितलंय तेवढं कर. तिला एकदम वाटलं, या माणसाला आत्ता समोर बसवून पोटभर जेवू घालावं. साहूजींनी न मागता चहा पाठवला. मग गड्याकडून तिनं सगळं शिकून घेतलं. तेल कुठे घालायचं, पाती कशी काढायची, दांडा कधी दाबायचा आणि कधी सोडायचा. उरलेले पैसे तसेच परत घेऊन ती शेवटच्या जीपनं निघाली. यंत्र टपावर होतं.

जीप जिथे थांबते तिथून गाव अर्ध्या तासाच्या चढावर. गोमा काकी, मास्तरीण आणि आणखी एक शेजारीण खाली आल्या. चौघींनी यंत्र बांबूला बांधलं आणि नवरीची डोली न्यावी तसं हसत, धापा टाकत वर नेलं.

अंगणात आमा उभी होती. "हा माझ्या लेकाचा प्लॉट?"

"आमा, ऐकून तर घ्या."

"काय ऐकू? चार घरांत सांगून बसले मी! आणि तू याला हात लावणार? बाईमाणूस? नांगराला बाईचा हात लागला तर काय होतं, माहीत नाही तुला? आभाळ फाटतं. गारा पडतात."

नवी सून आली की तिला पहिल्यांदा हेच सांगितलं जायचं. भात लाव, तण काढ, ढेकळं फोड, पण नांगराला शिवू नकोस. खिमकलानंही ते पंधरा वर्षं पाळलं होतं. गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी बलिराज काका काठी टेकत आले. गावातलं वडीलधारं माणूस, जुना पलटणीतला हवालदार. त्यांच्यामागे निम्मं गाव आलं, म्हणजे बायका आणि म्हातारे. बाकी होतंच कोण?

"सूनबाई, तुझ्या कष्टाला कुणी नावं ठेवत नाही," काका ओसरीवर बसत म्हणाले. "पण शास्त्र आहे."

"कुठल्या शास्त्रात आहे, काका?" मास्तरणीनं विचारलं.

"माझ्या आजोबांनी सांगितलेल्या."

"गारा तर गेल्या वर्षीही पडल्या," गोमा काकी म्हणाली. "तेव्हा कुणा बाईनं नांगर धरला होता?"

"धरला असेल कुणीतरी लपूनछपून."

बायका खो-खो हसल्या. काकांनाही हसू आलं, पण ते हटले नाहीत. तेव्हा खिमकला पुढे झाली. "काका, पण हा नांगर आहे का?"

"जमीन फोडतो म्हणजे नांगरच."

"ते तुम्ही ठरवणार की मी? ज्यानं या गावाचे सगळे फाळ घडवले त्यालाच विचारू या की."

हे काकांना पटलं. रिखीरामला बोलावणं गेलं. तो आला आणि नेहमीसारखा अंगणाच्या खालच्या कडेला, दगडावर बसला. लोहाराच्या घरचा माणूस या अंगणात त्याच्या वर येत नसे. येऊ नको असं कुणी म्हणायचंही नाही आणि ये असंही नाही. खिमकलानं त्याचं नाव सुचवताना एवढा विचारच केला नव्हता. एकतीस घरांच्या नांगरटीवर हा माणूस जगतो, आणि त्यालाच आपण विचारतोय की हे यंत्र चालू द्यायचं का.

"ये, वर ये, बघ नीट," काका म्हणाले.

रिखीराम वर आला. यंत्राभोवती फिरला, उकिडवा बसला, पात्यांना नखानं टिचकी मारून आवाज ऐकला. मग म्हणाला, "चालू करा." खिमकलानं दोरी ओढली. धडधड सुरू झाली तशा कोंबड्या पळाल्या. म्हाताऱ्यानं थोडा वेळ पाती फिरताना बघितली आणि हातानं बंद करायची खूण केली.

"काका, याला जू नाही," तो बलिराज काकांना म्हणाला. "बैलांपर्यंत जाणारं लांब हाळीस नाही. फाळ तर नाहीच नाही. हा नांगर नव्हे."

"मग काय आहे?"

"कुदळ. एका दांड्याला बऱ्याच कुदळी लावल्यात आणि कुणीतरी न थकता त्या मारतंय. आणि कुदळ तर बायका मारतातच ना? आमच्या घरच्या तर जन्मभर मारतायत."

बलिराज काका काठीवर जोर देऊन उठले. "कुदळ असेल तर माझं काही म्हणणं नाही," ते म्हणाले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी खिमकला भट्टीवर गेली. "काका, तुमच्या पोटावर पाय आला, आणि तुम्हीच..."

"माझं पोट भट्टीवर आहे, बुहारी. नांगर गळ्यात पडला तो कुणी उरलं नाही म्हणून. एकतीस घरं आणि हा एक खांदा! ज्या बाईची पाळी शेवटची, ती मला मनातल्या मनात शिव्या घालते. चैत्र लागला की उचक्यांनी हैराण होतो मी." त्यानं भात्याला हात घातला. "जा आता. वाफसा थांबत नाही."

तिनं सगळ्यात वरचं खाचर धरलं. बांधावर पंधरा-वीस जणी येऊन बसल्या होत्या. आमा आली नव्हती, पण घराच्या कोपऱ्यावरून बघत होती. पहिलं तास सरळ गेलं. दुसरंही. तिसऱ्याला कडेशी वळताना तिच्या हातांनी दांडा सोडायच्या ऐवजी आवळून धरला. यंत्र उधळलेल्या रेड्यासारखं पुढे गेलं, बांधावरून खालच्या खाचरात कोसळलं आणि उताणं पडून पाती हवेत फिरवत राहिलं. मग इंजिन गुदमरून बंद पडलं.

कुणी हसलं नाही. खिमकला बांधावर उभी होती. डोळ्यांपुढे दोह्याचं ऊन, लोखंडी पाइपांवर चढलेला टेकबहादुर.

सगळ्यात आधी खाली उतरली ती आमा. एवढ्या वयात बांधावरून घसरत, साडी सावरत. "बघत काय बसलात गं सगळ्या?" ती ओरडली. "माझ्या लेकाचा पैसा मातीत पालथा पडलाय. उचला!"

सगळ्यांनी मिळून ते सरळ केलं. इंजिन शाबूत होतं, चार पाती मात्र वाकली होती. आमानं स्वतः ती पदरात बांधून रिखीरामच्या भट्टीवर नेली. त्यानं ठोकून सरळ केली, मग मान हलवली. "हे लोखंड खालच्या मैदानातल्या मातीसाठी आहे. आपल्या गोट्यांपुढे टिकायचं नाही." त्याच्याकडे मोडक्या जीपचा एक कमानपाटा पडला होता. त्यातून त्यानं दोन दिवस खपून नवी पाती घडवली. जाड, थोडी आखूड, आणि गोट्यावर बसली तरी न वाकणारी.

त्यानंतर यंत्र पुन्हा पडलं नाही. सात दिवसांत अकराही खाचरं झाली, रान माजलेली धरून. वाफसा सरला होता, तरी यंत्राला कोरडी जमीनही फोडता येत होती. गोमा काकी आपल्या पडीक खाचरांसाठी भल्या पहाटेच दारात आली. मग मास्तरीण. तासाच्या हिशेबानं भाडं ठरलं, जवळ नसेल तिनं मका आल्यावर द्यायचं. मलेशियातून, कोरियातून फोन यायला लागले. "दिदी, आमच्या घरी कधी येताय? पैसे पाठवतो, पण तेवढी वरची खाचरं उघडा. माझ्या बानं दगड वेचून केलीत ती." ज्या पैशांनी आजवर खालून पीठ वर यायचं, त्याच पैशांतून आता डोंगरावरची जमीन उघडत होती. खिमकला खांदे दुखेपर्यंत राबायची. लोकांना वाटायचं, बाई कमावतेय. तिला मात्र रोज कुणाचं तरी देणं लागत असल्यासारखं वाटायचं. या सगळ्यांनी तिच्या हाती आपली जमीन दिली होती.

दहाव्या दिवशी बलिराज काका बांधावर येऊन घसा खाकरू लागले. "सूनबाई, आमच्याही उरलेल्या खाचरांत फिरवशील का तुझी ती... कुदळ?"

"फिरवते की, काका," खिमकला हसू दाबत म्हणाली.

पावसाळ्याआधी सहा जणींनी आपापल्या घरचे पैसे एकत्र करून दुसरं यंत्र आणलं. त्यातल्या दोघी बुटवलच्या प्लॉटचा इसार द्यायला निघालेल्या होत्या. ते यंत्र चालवायला शिकली रिखीरामची सून पुनकली. तिचा हात खिमकलापेक्षा सफाईदार होता, आणि ते सगळ्यांत आधी खिमकलानंच बोलून दाखवलं.

दसैंला, दसऱ्याच्या सणाला, टेकबहादुर सुट्टीवर आला. तोवर मक्याची कणसं घराघरापुढे खांबांना बांधून पिवळी धमक लटकत होती. आमानं लेकासाठी भात शिजवला होता. तो म्हणाला, भात तिकडे रोज खातो. मग खिमकलानं आपल्या मक्याच्या पिठाचा ढिंडो घोटला, वर तूप सोडलं. तो तीनदा मागून जेवला आणि बोट चाटत बसला. मुलगी त्याच्याकडे टक लावून बघत होती. बापाला मांडी घालून घरात जेवताना तिनं फारसं पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बायकांची रीघ लागली. कुणी दही आणलं, कुणी काकड्या, गोमा काकीनं तर जिवंत कोंबडा आणून त्याच्या हातात दिला. टेकबहादुर ओशाळला. "काकी, हे कशाला? मी काय केलं? मी तर तिकडे पाइपा बांधत होतो."

"तू प्लॉट घेतला नाहीस," गोमा काकी म्हणाली. "ते केलंस."

जेवणं झाल्यावर तो खिमकलाला म्हणाला, "चल, एका ठिकाणी जाऊन येऊ," आणि तिला घेऊन भट्टीकडे निघाला. रिखीरामनं लगबगीनं बाहेर बसायला पाट टाकला. टेकबहादुर पाटावर बसला नाही. वाकून भट्टीमागच्या घरात शिरला आणि चुलीशेजारी जमिनीवर बसला.

"काका, तहान लागली. पाणी द्या."

म्हातारा उभाच राहिला. पुनकलीनं सासऱ्याकडे बघितलं, मग खिमकलाकडे. या घरचं पाणी वरच्या घरांतल्या कुणी प्यायलेलं तिनं पाहिलं नव्हतं.

"टेक, तुझी आमा..." रिखीराम म्हणाला.

"दोह्यात आम्ही अकरा जण एकाच डब्यातलं पाणी पितो, काका. त्यातला एक तुमच्या भावाचा मुलगा. उन्हात मला चक्कर आली तेव्हा त्यानंच स्वतःच्या वाटणीचं माझ्या तोंडात ओतलं. तिकडे प्यायलो आणि इथे नाही पीत म्हणू?"

पुनकलीनं तांब्या आणला. तो घटाघटा प्यायला आणि उरलेलं खिमकलापुढे धरलं. तीही प्यायली. पाणी साधंच होतं, झऱ्याचं, जे तिच्या घरी येतं तेच. त्या पाण्याच्या वरच्या बाजूला तिचं घर, खालच्या बाजूला हे, एवढाच काय तो फरक. एवढ्या वर्षांत एकदाही इथे पाणी मागितलं नव्हतं, याची तिला लाज वाटली. आमाला हे संध्याकाळपर्यंत कळलंच. ती दोन दिवस लेकाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पात्यांना धार लावायची होती, तेव्हा मात्र स्वतःच घेऊन गेली आणि भट्टीत बसून बराच वेळ गप्पा मारून आली. पाणी प्यायली की नाही, ते तिनं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

टेकबहादुरच्या कराराचे दहा महिने राहिले होते. निघायच्या दिवशी जीपपाशी तो म्हणाला, "पुढच्या महिन्यापासून थोडे जास्त पाठवतो. मक्याची गिरणी टाकू."

"पैसे पुरे झाले," खिमकला म्हणाली. "आता तुम्ही या."

तो भाद्रपदात आला तो कायमचा. सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. सात वर्षं दुसऱ्याच्या शिट्टीवर उठलेला माणूस, घरी बसून काय करायचं ते त्याला सुचेना. बायको कमावते आणि आपण तेलाचे डबे वाहतो, यावरून दोघांची चांगली दोन-चार भांडणं झाली. शेवटी तो महिनाभर बुटवलला साहूजींच्या गड्याच्या हाताखाली राहिला, इंजिन उघडायला-जोडायला शिकला आणि जीपच्या थांब्यावर पत्र्याची शेड टाकून बसला. शेडच्या अर्ध्या भागात रिखीराम पाती घडवतो. खालच्या तीन गावांत आता यंत्रं आहेत, आणि गोट्यांच्या जमिनीसाठी पाती हवी असली की लोक इथेच येतात. गिरणी अजून झालेली नाही. होईल.

गेल्या चैत्रातली गोष्ट. खिमकला यमलालच्या खाचरात यंत्र घेऊन उतरली होती. त्याचं शेत आठ वर्षं पडीक होतं. बायको माहेरीच राहत होती, आणि बुटवलच्या त्याच्या प्लॉटवर अजून पाणी आलं नव्हतं. टेकबहादुर बांधावर बसला होता. त्याचा फोन वाजला. दोह्यात जेवणाची सुट्टी झाली होती.

"दाखव की रे," पडद्यावर यमलालचा घामेजलेला चेहरा दिसला, आणि त्याच्या खांद्यांवरून आणखी सात-आठ चेहरे.

टेकबहादुरनं फोन खाचराकडे धरला. पाती फिरत होती, रान आडवं होत होतं, मागे काळी माती उलटत होती. तिकडचा गलबला हळूहळू थांबला. खिमकला खालच्या कोपऱ्याकडे वळली तसा यमलाल तिला ओरडून म्हणाला, "भाउजू, सांभाळून! तिथे कोपऱ्यात मोठा धोंडा आहे. त्याच्यावर माझ्या बाचा फाळ तीनदा मोडलाय."

खिमकलानं दांडा सोडून यंत्र थांबवलं, कपाळावरची माती पुसली आणि फोनपाशी आली.

"धोंडा कालच काढला, यमलाल दाइ. चौघी लागलो." ती बोटानं दाखवत म्हणाली. "तो बघा, बांधावर बसवलाय. तुम्ही आलात की बसायला होईल."

यमलाल बराच वेळ त्या धोंड्याकडे बघत राहिला. मग त्यानं तिकडे, छावणीच्या गर्दीत उभं राहून, तिला दोन्ही हात जोडले.